कांगोला जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, अहवाल वाचले जावेत आणि नंतर एखाद्या वक्त्याने विद्याभ्यासाचे माहात्म्य सांगावे, असा आपल्या संमेलनाचा परिपाठ आहे. यंदा कार्यवाहांनी मजकडे निराळाच विषय सोपविला, आणि त्याला कारणही तसेच आहे. औषधांचा व्यापार, दूरध्वनी कंपन्या, तांब्याच्या व कोबाल्टच्या खाणी यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने आपली मुले आता मध्य आफ्रिकेपर्यंत जाऊ लागली आहेत. नेमणुकीचे पत्र हाती पडते, पगाराचा आकडा डॉलरमध्ये असतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी नकाशा उघडून बसतात. त्या मंडळींना उपयोगी पडेल तेवढेच सांगावे असा माझा विचार आहे.

प्रथम नावाचा घोटाळा मिटवू. कांगो नावाची राष्ट्रे दोन आहेत आणि त्यांच्या राजधान्या एकाच महानदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसल्या आहेत. ब्राझाव्हिल ही एकीची, किन्शासा ही दुसरीची. मी बोलतो आहे ते किन्शासाच्या कांगोविषयी, म्हणजे कांगो लोकशाही प्रजासत्ताकाविषयी. बेल्जियमच्या अमलातून ते ३० जून १९६० रोजी मुक्त झाले आणि १९७१ पासून १९९७ पर्यंत झाईर या नावाने ओळखले जात होते. या देशाशी आपला संबंध आजचा नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेत भारतीय पलटणी तेथे लढल्या. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते शहर आज लुबुम्बाशी म्हणून ओळखले जाते. त्यानंतर साठ वर्षांनीही हा ऋणानुबंध रक्तानेच लिहिला गेला. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बो येथे आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान शांतिसेनेत असताना मारले गेले.

आता मुख्य मुद्दा. ‘कांगोत युद्ध चालू आहे, जावे की न जावे?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर देशाच्या नावावरून देता येत नाही, गावाच्या नावावरून द्यावे लागते. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेवीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या दोनतृतीयांशाहून अधिक. किन्शासा पश्चिम टोकाला आहे, तर युद्धाने होरपळलेले किवू व इतुरी हे प्रदेश पूर्व टोकाला. दोहोंमध्ये पंधराशे किलोमीटरांचे अरण्य, आणि घड्याळातही एका तासाचे अंतर. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला, लक्षावधी निर्वासित व त्यांच्यात मिसळलेले सशस्त्र लोक सीमा ओलांडून आले, आणि तेव्हापासून पूर्वेला स्वस्थता अशी लाभलीच नाही. एम-२३ या बंडखोर संघटनेने गोमा शहर प्रथम नोव्हेंबर २०१२ मध्ये घेतले व थोड्याच दिवसांत सोडले. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा घेतले, आणि पुढल्याच महिन्यात बुकावूही घेतले. त्या वेळी आपल्या दूतावासाने बुकावूतील भारतीयांना मिळेल त्या मार्गाने सुरक्षित स्थळी जाण्याची सूचना दिली होती. विमानतळ बंद पडला म्हणजे ‘मिळेल त्या मार्गाने’ या शब्दांचा अर्थ काय होतो, याची कल्पना आपण घरी बसून करू शकत नाही.

सबब नेमणूक गोमा, बुकावू, बुनिया, बेनी अशा गावी असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: पगार कितीही असो, ती स्वीकारू नये. कोणी म्हणेल की कंपनी संरक्षण देते. फेब्रुवारी २०२१ मध्ये इटलीचे राजदूत लुका अत्तानासिओ गोम्याच्या उत्तरेस जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताफ्यातून जात असता भर रस्त्यात मारले गेले. त्यांचा अंगरक्षक व वाहनचालकही गेले. राजदूताला जे संरक्षण पुरले नाही, ते आपल्या मुलाला पुरेल असे कोणत्या आधारावर म्हणावे? विरुंगा उद्यानातील गोरिला व न्यिरागोंगोचा ज्वालामुखी पाहण्याची हौस तरुणांना असते. हौस चांगली, परंतु २०१८ मध्ये तेथून परदेशी प्रवासी पळविले गेले होते, आणि एप्रिल २०२० च्या हल्ल्यात उद्यानाचे बारा रक्षक मारले गेले. ती हौस तूर्त चित्रांवर भागवावी.

किन्शासा व लुबुम्बाशी यांची गोष्ट वेगळी. तेथे व्यापार चालतो, शाळा भरतात, आपल्या लोकांचे सणवारही होतात. तथापि तेथे निश्चिंत राहावे असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पडताच किन्शासात जमावाने अनेक परकीय दूतावासांवर हल्ले केले. म्हणून निवडणूक, मोर्चा, संप यांची वार्ता कानी येताच घरात राहावे, आणि आठवड्याचे पाणी, तांदूळ, डाळ व औषधे सदैव घरात असावीत. रात्री पायी फिरू नये. रस्त्यावरील भाड्याच्या गाडीत एकट्याने बसू नये. ओळखीचा चालक ठरवून घ्यावा.

येथे घरच्या मंडळींना एक सांगणे आहे. डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीनंतर सरकारने सुमारे वीस दिवस इंटरनेट बंद ठेवले होते. मुलाचा निरोप आला नाही म्हणजे अनिष्टच घडले, असे समजू नये. निघण्यापूर्वीच ठरवावे की निरोप थांबल्यास प्रथम कोणास विचारावयाचे: कंपनीचा मुंबईतील अधिकारी, मग किन्शासातील भारतीय दूतावास. मुलाने तेथे पोहोचताच दूतावासात नाव नोंदवावे. ही गोष्ट आळसाने राहून जाते, आणि संकटाच्या दिवशी यादीत ज्याचे नाव नाही त्याला शोधणार कोण?

कागदपत्रांविषयी थोडक्यात. व्हिसा येथूनच घेऊन निघावे. तो कामाचा आहे की भेटीचा, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘आधी चला, पुढे बदलून घेऊ’ असे सांगणाऱ्या दलालापासून चार हात दूर राहिलेले बरे. पीतज्वराची लस अनिवार्य आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवेशापूर्वी निदान दहा दिवस टोचलेली असावी लागते. ते पिवळे प्रमाणपत्र २०१६ पासून जन्मभर ग्राह्य धरले जाते. ते हरवले तर नुसत्या कांगोतच नव्हे, मायदेशी परततानाही अडचण होते, कारण आपले आरोग्याधिकारी अशा प्रवाशास सहा दिवस अलग ठेवू शकतात. मूळ पारपत्र कुलपात ठेवून प्रमाणित नक्कल खिशात बाळगावी. शिपाई अडवितात, पैसे मागतात. अशा वेळी आवाज चढवू नये, गाडीची काच पुरती खाली करू नये, आणि हसतमुखाने ‘म्बोते’ म्हणून नक्कल दाखवावी. ‘म्बोते’ म्हणजे लिंगाला भाषेतील नमस्कार. पूर्वेकडे व लुबुम्बाशीस स्वाहिली चालते. परंतु कचेरीची भाषा फ्रेंच. इंग्रजीवर विसंबणारा मनुष्य तेथे मुका होतो, तेव्हा निघण्यापूर्वी तीन महिने तरी फ्रेंचची शिकवणी लावावी. पूल, विमानतळ, सरकारी इमारती, सैनिक यांची छायाचित्रे घेऊ नयेत. रस्त्यात कोणी स्वस्त सोने वा हिरे दाखविले तर पाहण्यासही थांबू नये.

पैशाचा व्यवहार बहुतांशी रोखीचा. डॉलर सर्रास चालतात, मात्र कोरे! किंचित फाटलेली नोट भाजीवालीसुद्धा परत करते. विम्याचा करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, कारण पुष्कळ विमे युद्धजन्य हानी वगळतात. गंभीर दुखणे आल्यास विमानाने नैरोबीस किंवा जोहान्सबर्गला हलविण्याचा खर्च त्यात आहे की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

शाकाहारी कुटुंबांतील माता मला नेहमी जेवणाचे विचारतात. कसाव्याच्या पानांची ‘पोंदू’ ही भाजी आपल्या अळूच्या फदफद्याची आठवण करून देते, परंतु तीत पुष्कळदा सुकी मासळी असते. विचारूनच खावी. ‘मदेसू’ म्हणजे घेवड्याची उसळ, केळी व भात यांवर दिवस निभतात. पाणी उकळूनच प्यावे.

युद्धाचे भय सर्वांस वाटते, मलेरियाचे मात्र कोणासच वाटत नाही, हे मला विचित्र वाटते. तेथील मलेरिया घातक जातीचा असून जुन्या क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या जाण्यापूर्वीच सुरू कराव्यात व परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. मच्छरदाणी येथूनच न्यावी. इबोलाची साथ १९७६ पासून तेथे वारंवार आली आहे. साथीची वार्ता असलेल्या प्रांतात जाऊ नये आणि अरण्यातील प्राण्यांचे मांस कोठेही खाऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीत एका कांगोली तरुणाचा जमावाने बळी घेतला, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून किन्शासात भारतीयांच्या दुकानांवर दगड पडले. आपल्या शहरांत शिकावयास येणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्याला घर भाड्याने देताना आपण काय बोलतो, ते तेथे ऐकू जाते. तेथे गेल्यावर घरगड्याशी, चालकाशी, दुकानातील नोकराशी अरेरावीने वागणारे आपले लोक मी पाहिले आहेत. दंगलीच्या दिवशी शेजाऱ्यानेच दार उघडून आत घेतलेले लोकही पाहिले आहेत. ते निराळे होते, एवढेच सांगतो.

परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांस पहिल्या वाक्यातच ‘मी कांगोहून आलो आहे’ असे सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. नेहमीच्या फ्रेंच व लिंगाला शब्दांची एक वही मी देवनागरीत उतरविली आहे. ती ज्ञातिगृहाच्या वाचनालयात ठेवीत आहे. ज्यांच्या घरचे कोणी निघण्याच्या बेतात असेल त्यांनी ती अवश्य उतरून घ्यावी.