यादी एकदम मागा, पण मोजून घ्या



समजा, एका गावात आज लसीकरणाचं सत्र आहे. आशाताईंनी मोबाइलवरचं अ‍ॅप उघडलंय. ४० बाळांच्या नोंदी यायच्या आहेत आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. समोर आया खोळंबल्यात, मुलं रडताहेत. ताई म्हणतात, ‘रेंज नाही.’ मी मोबाइलची अ‍ॅप्स बनवण्याचं काम करतो, म्हणून सांगतो, दोष दर वेळी रेंजचाच असतो असं नाही. नोंदी कशा मागवल्या, यावरही बरंच अवलंबून असतं.

या नोंदी दूरच्या मोठ्या संगणकांवर ठेवलेल्या असतात. त्यालाच आपण क्लाउड म्हणतो. हा संगणक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर मुंबईपासून अंतर होतं सुमारे १३ हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग तरी गेलाच. अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये आणि गूगलनं २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली, त्यामुळे हे अंतर घटलं. पण गावचा टॉवर अशक्त असला, तर एका फेरीला अर्धा सेकंदही सहज लागतो.

आता ४० नोंदी एकामागून एक मागवल्या, तर २० सेकंद झाले. वाण्याकडे आपण मिठासाठी एकदा आणि साखरेसाठी पुन्हा एकदा जातो का? यादीच देतो ना? डेटाबेसलाही यादी देता येते. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबीत एका मागणीत १०० नोंदी मागता येतात; मात्र सगळा माल १६ एमबीच्या आत हवा. गूगलच्या फायरस्टोअरमध्ये एका प्रश्नात ३० क्रमांक देता येतात. म्हणजे ४० बाळांचं काम दोन फेऱ्यांत होतं.

मग अख्खा तालुकाच एकदम का मागवू नये? कारण फायरस्टोअरचं बिल होतं ते वाचलेल्या नोंदींवर. दिवसाला ५० हजार नोंदी फुकट मिळतात. दोन हजारांची यादी पंचवीस वेळा उघडली, की त्या संपल्या! म्हणून आजच्या सत्रापुरत्याच नोंदी मागाव्यात. यादी लांबलचक असेल, तर वीस-वीस नोंदींचे हप्ते करावेत.

खरी मेख मात्र पुढेच आहे. यादी दिली म्हणजे सगळं आलंच, असं नसतं. भार वाढला किंवा १६ एमबीची मर्यादा भरली, की डायनॅमोडीबी जमतील तेवढ्याच नोंदी देतो आणि राहिलेल्यांची वेगळी यादी सोबत जोडतो. जी नोंद मुळातच नाही, तिच्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यानं ती राहिलेली यादी वाचलीच नाही, तर ४० ऐवजी ३७ नावं दिसतात. पडदा अगदी नीटनेटका, तक्रारीला जागाच नाही. चक्र फिरत असतं, तर निदान काही अडलंय एवढं तरी कळलं असतं. इथे तीन बाळं लसीवाचून राहतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो, मागितलेल्या नोंदी आणि आलेल्या नोंदी मोजा. राहिलेल्या जरा थांबून पुन्हा मागा. तरीही आल्या नाहीत, तर पडद्यावर सरळ लिहा, ‘४० पैकी ३७ नोंदी आल्या’. ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद पोहोचली नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी आपल्या पतसंस्थेसाठी, शाळेसाठी किंवा दूध संस्थेसाठी अ‍ॅप करून घेणार असाल, तर रंग आणि चित्रं पसंत करण्याआधी बनवणाऱ्याला एवढंच विचारा, ‘अर्धीच यादी आली, तर ते आम्हाला कसं कळेल?’ याचं उत्तर चटकन मिळालं नाही, तर आगाऊ रक्कम देण्याची घाई करू नका.