माझं चुकलेलं उत्तर



मला अभ्यासिकेच्या कामाचा अहवाल द्यायला उभं केलंय. ग्रुपवर मी आलेख टाकत होते, तुम्ही त्यांना अंगठे देत होतात. त्या आलेखांत जे दिसलं नाही, ते आज सांगते.

गावातल्या अभ्यासिकेत यूपीएससी-एमपीएससी करणारी अठरा-वीस मुलं बसतात. काहींना पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेणं परवडत नाही, काही तिथे दोन वर्षं काढून परत आलीत. 2023 मध्ये आपण वर्गणी काढून खुर्च्या, दिवे आणि वर्तमानपत्रं दिली. मी वर एक प्रोग्रॅमही करून दिला. चालू घडामोडींचे रोज 40 प्रश्न, लगेच गुण, महिनाअखेर क्रमांक. मुलं 35-36 गुण मिळवू लागली आणि मी खूश झाले.

2024 च्या दिवाळीत गावी आले तेव्हा एका मुलाशेजारी जाऊन बसले. प्रश्न आला, भारतातल्या रामसर स्थळांची संख्या किती? त्याने 75 निवडलं, हिरवा दिवा लागला. मग पुटपुटला, "खरं तर 85 आहेत." मी विचारलं, मग 75 का निवडलंस? म्हणाला, "मॅडम, याला 75 च बरोबर वाटतं. 85 केलं की गुण जातो, नंबर खाली येतो."

2022 च्या ऑगस्टमध्ये 75 हे उत्तर बरोबरच होतं. 2024 च्या जानेवारीत ते 80 झालं, ऑगस्टमध्ये 85. माझा प्रोग्रॅम तिथेच थांबला होता. ऑफिसात अशी जुनी माहिती सापडली तर मी कनिष्ठांना फैलावर घेते. इथे तर बरोबर उत्तर माहीत असलेला मुलगा माझ्यामुळे चूक उत्तर द्यायला शिकला होता.

आणि गंमत बघा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणजे आपलं नांदूरमध्यमेश्वर. 2020 च्या जानेवारीत तो मान जाहीर झाला. गोदावरी-कादवेच्या संगमावर सर आपल्याला पक्षी दाखवायला घेऊन गेले होते, निम्म्या वर्गाचं लक्ष डब्यांकडे होतं. पाणथळ जागा म्हणजे काय, ती जपायची का, रामसर हे इराणमधल्या गावाचं नाव करारात कसं आलं, यातलं काहीच माझा प्रोग्रॅम विचारत नव्हता. त्याला फक्त आकडा हवा होता.

आपल्याच एका मैत्रिणीची मुलगी सतत पहिल्या क्रमांकावर असायची. पूर्वपरीक्षेत ती थोडक्यात राहिली. मी तिला फोन केला. ती रडली नाही, तक्रारही केली नाही. म्हणाली, "मावशी, तुझ्या परीक्षेत आठवायचं असतं, तिथे वाचून ठरवायचं असतं."

मग मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसले. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण, दोन तास, आणि चुकलेल्या प्रश्नाला एक तृतीयांश गुण वजा. 2014 मध्ये विचारलं होतं की एखादी पाणथळ जागा 'माँट्रो नोंदी'त गेली याचा अर्थ काय. 2022 मध्ये पाणथळ जागा आणि त्यांची राज्यं अशा चार जोड्या देऊन विचारलं, यातल्या किती बरोबर? 2023 मध्ये तर 'किती विधानं बरोबर' या प्रश्नांचा सुळसुळाट झाला. एक विधान चूक म्हणून दोन पर्याय खोडायचे ही युक्तीच संपली. प्रत्येक विधान पक्कं माहीत हवं. माझे 40 प्रश्न यापुढे अगदीच पोरकट होते.

तेव्हा मला आपला वार्ताफलक आठवला. सर समोर बसलेत, म्हणून जरा भीतभीतच सांगते. परिपाठाआधी बातमी लिहिताना मी एकदा लिहिलं होतं, 'नवा कायदा झाला'. सरांनी डस्टरने ते पुसलं आणि विचारलं, "मांडला, मंजूर झाला की लागू झाला?" मला सांगता येईना. दिवसभर फळा कोरा राहिला.

आता अभ्यासिकेत दर रविवारी हाच प्रश्न असतो. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली, पण त्यानंतरची पहिली जनगणना आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना ही अट त्यातच लिहिलेली आहे. भारतीय न्याय संहिता डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झाली, लागू झाली 1 जुलै 2024 ला. मुलं बातमी वाचतात आणि स्वतः प्रश्न तयार करतात. तीन विधानं लिहायची, त्यातलं एक असं चुकवायचं की शेजारचा फसला पाहिजे, आणि मग ते का चूक हे पुराव्यासह सांगायचं. प्रश्न सोडवण्यापेक्षा काढायला चौपट वेळ लागतो. रविवारी जेमतेम दहा होतात.

सगळ्यात रंगला तो कांद्याचा रविवार. आपला शेतकरी मित्र आला होता, त्याला इथे नाव घेतलेलं आवडणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा त्याची चाळ भरलेली होती. लासलगावला भाव कसा उतरला ते त्याने दिवसवार सांगितलं. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलंच. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, बंदी आणि शुल्क एकच खातं लावतं का? कोणालाच येईना, मलाही नाही. शोधल्यावर कळलं, बंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, शुल्क अर्थ मंत्रालय लावतं. आमचा मित्र म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या खात्याला शिव्या घालत होतो." हसून हसून पुरेवाट झाली. तो प्रश्न आता एकही मूल विसरणार नाही.

प्रोग्रॅम मी मोडीत काढलेला नाही. त्यात प्रत्येक उत्तराला आता तारीख आहे. बदलू शकणारी माहिती तीन महिन्यांनी आपोआप बाजूला होते आणि कोणीतरी तपासल्याशिवाय परत येत नाही. 85 हे उत्तरही असंच दोनदा बाजूला झालं. क्रमांक काढून टाकलेत, आलेखही बंद. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं काम थांबलं का, म्हणून हे सांगितलं.

आता मागणं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. मुलांना हाताने उत्तरं लिहायची सवय नाही आणि ती तपासायला माणूस नाही. निवृत्त सर आणि बाईंनो, महिन्याला दहा-दहा वह्या घ्याल का? लाल पेन मी आणलेत. बँकेतल्यांनी एका रविवारी येऊन रेपो दर बदलला की कर्जदाराचा हप्ता कसा आणि कधी बदलतो ते सांगावं. कोर्टातल्यांनी जामिनाबद्दल, दवाखान्यातल्यांनी लसीकरणाबद्दल. भाषण नको, मुलांना विचारू द्या.

त्या मैत्रिणीच्या मुलीचा आणखी एक अटेम्प्ट शिल्लक आहे. अभ्यासिकेची किल्ली तिच्याकडेच असते. रविवारी सकाळी आठला ती कुलूप उघडते. नावं लिहायला वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.