खाण, विमानतळ आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी



वित्त विषय घेऊन पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आज पहिला सल्ला मिळतो तो परीक्षांचा. सीए कर, सीएफएचा पहिला टप्पा दे, एमबीएसाठी कॅटला बस, निदान शेअर बाजाराचे एखादे प्रमाणपत्र तरी पदरात पाड. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. परीक्षेत व्याजदर दिलेला असतो, दरवर्षी येणारी रक्कम दिलेली असते, उरते ती आकडेमोड. व्यवहारात मात्र ती रक्कम खरेच येणार का, किती वर्षे येणार आणि आली नाही तर फटका कोणाला बसणार, हाच खरा प्रश्न असतो, आणि तो प्रश्नपत्रिकेत छापलेला नसतो. कागदपत्रे वाचून हा प्रश्न स्वतः उभा करता येणे, हा वित्तशिक्षणाचा गाभा आहे असे माझे मत आहे. तो शिकण्यासाठी दलाल स्ट्रीटपर्यंत जावे लागत नाही. गोव्यातल्या डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत त्याची भरपूर सामग्री पडून आहे.

आधी डिचोली घेऊ. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले, त्यातले बहुतेक चीनच्या पोलाद कारखान्यांसाठी. त्या तेजीत खाणपट्ट्यातल्या गावागावांतून लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, ऐपत असलेल्यांनी बार्जमध्ये पैसा घातला. कर्जाचा हिशेब सरळ होता: महिन्याच्या खेपा, खेपेचा दर, वजा डिझेल आणि चालकाचा पगार. हप्ता आरामात बसत होता. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि ट्रक दारात उभे राहिले. कर्जदारांसाठी सरकारला मदतीची योजना आणावी लागली. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली, पण फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे थांबले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की न्यायालयाचा निकाल आधी कोणाला कळतो? त्याचा दोष कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा घेणाऱ्या ट्रकमालकाला कसा द्यायचा? आक्षेप वजनदार आहे, पण पुरता खरा नाही. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलतींचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा 1987 चा. त्या पट्ट्यांच्या नूतनीकरणाला कायद्यानेच मुदत घातलेली होती, आणि 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितले ते एवढेच की ती मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपली होती. म्हणजे 2009 मध्ये जो ट्रक विकत घेतला गेला, तो ज्या खाणीवर धावणार होता त्या खाणीचा हक्क त्या क्षणी वादातीत नव्हता. निकालाचे भाकीत करा असे कोणी म्हणत नाही. पण पट्टा कधीपर्यंतचा आहे आणि माल घेणारे देश किती आहेत, हे दोन प्रश्न विचारायला ज्योतिष लागत नाही. ते विचारले असते तर कर्ज कदाचित दिलेही गेले असते, पण कमी मुदतीचे आणि कमी रकमेचे. त्याच 2014 च्या निकालाने खनिजविक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. जमिनीतून एकदा काढलेले खनिज पुन्हा येत नाही. त्याचा पैसा हे उत्पन्न नव्हे, मालमत्ता विकून आलेली रक्कम आहे. भांडवल आणि उत्पन्न यांतला फरक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आपण व्याख्येने शिकवतो. शिरगाव, पाळी, वेळगे या खाणींच्या गावांची नावे त्या व्याख्येशेजारी फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?

पेडण्याची गोष्ट वेगळी आहे, प्रश्न तोच. मोपा विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुरू झाली. तो चालवण्याचा हक्क चाळीस वर्षांसाठी खासगी कंपनीकडे आहे आणि बोलीत राज्याला देऊ केलेला महसुलाचा वाटा 36.99 टक्के होता. वाटा नफ्यात नसून महसुलात आहे, त्यामुळे कंपनीचा खर्च वाढला म्हणून तो घटत नाही. प्रवासी घटले तर मात्र घटतो. मग तो कोणत्या वर्षापासून, कोणत्या उत्पन्नावर, हे करारातून शोधून काढणे हा एका सत्राचा उत्तम अभ्यास होईल. किनाऱ्याकडे वळा. हरमल-मांद्र्यातले गेस्ट हाऊस ऑक्टोबर ते मे कमावते, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. हंगामाला जुळणारी परतफेड आखता येणारा पदवीधर तिथे हवा आहे. सूत्रे पाठ असलेले पुष्कळ मिळतात.

गोव्यात पैशाची टंचाई नाही. इथल्या बँकांतल्या ठेवींच्या मानाने कर्जवाटपाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या बरेच खाली आहे. ठेवणारे हात आहेत, तोलून देणारे कमी पडतात. सहकारी क्षेत्रात तर ठेव ठेवतानाही तोलावे लागते, हे आपण पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै 2021 मध्ये रद्द केला. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्येच एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून सामान्य ठेवीदाराला मोठा आधार मिळाला. पण भांडवल पर्याप्ततेचा आकडा वार्षिक अहवालात छापलेला असतो आणि सर्वसाधारण सभेत चर्चा होते ती लाभांशाची.

आता शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक आक्षेप. नोकऱ्या मुंबई, पुणे, बेंगळुरूला आहेत. तिथल्या मुलाखतीत शिरगावच्या ट्रकबद्दल कोण विचारणार? साखळीजवळ पर्येला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, तिथून बाहेर पडणारेही बहुतेक त्याच वाटेने जातात. जावे, जरूर जावे. पण आकडेमोड आणि गुणोत्तरे आता यंत्र क्षणात काढून देते; त्यामुळे पतमूल्यांकनाच्या टेबलावर माणसाची किंमत ठरते ती गृहीतक कुठे कच्चे आहे हे दाखवण्याने. एकाच ग्राहकावर, एकाच परवान्यावर उभा असलेला धंदा कसा कोसळतो हे ज्याने कागदपत्रांसह मांडले आहे, त्याच्याकडे मुलाखतीत सांगण्यासारखे काहीतरी असते. परीक्षांची तयारी यामुळे मागे पडेल अशी भीतीही मला पटत नाही. ताळेबंदाचा जो धडा घोकून महिन्यात विसरतो, तो ओळखीच्या संस्थेवर एकदा लावून पाहिला की राहतो.

म्हणून विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय, डिचोलीचे झांट्ये महाविद्यालय आणि साखळीचे सरकारी महाविद्यालय यांच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरून उतरवलेल्या मोठ्या कंपन्या बाजूला ठेवा. प्रत्येक गटाला तालुक्यातली एक पतसंस्था, दूध सोसायटी किंवा सहकारी बँक द्या, तिचे पाच वर्षांचे अहवाल वाचायला लावा, आणि निष्कर्ष मराठीत किंवा कोकणीत तिच्या सभासदांपुढे मांडायला लावा. येत्या जूनपासून निदान एका वर्गात हे सुरू व्हावे.