पोळीला लावायची मसुरीची चटणी



आहारतज्ज्ञ म्हटलं की लोक मधुमेहाचं विचारतील असं वाटतं, पण हल्ली रायपुरातल्या मराठी घरांमधून मला हमसबद्दल फार विचारणा होते. मुलं पुण्याला, बंगळूरला शिकायला जातात, तिथे हमस खातात आणि सुटीत घरी आली की आईकडे मागतात. आई म्हणते, ते काबुली चणे रात्रभर भिजवा, कुकरमध्ये मऊ करा, सालं काढत बसा, वर ताहिनी आणा, एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून आज मसुरीच्या डाळीची, पोळीला लावता येईल अशी चटणी सांगते. न भिजवता, तासाभराच्या आत होते.

हमस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागातलं ते रोजचं, पोटभरीचं अन्न आहे. ताहिनी म्हणजे तरी काय, वाटलेले तीळच. आणि डाळ वाटून खाणं आपल्याला काही कुणी शिकवायला नको. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्यासोबत आंबेडाळ असते, गणपतीच्या विसर्जनाला वाटली डाळ असते. फरक इतकाच की या दोन्ही मोकळ्या, भरड राहिल्या पाहिजेत आणि आजची चटणी लोण्यासारखी झाली पाहिजे. हा लोण्यासारखा पोत डाळीवर कमी आणि पाण्यावर जास्त अवलंबून असतो. बहुतेकींचं बिघडतं ते इथेच.

एक वाटी मसूर डाळ घ्या, सालं काढलेली, केशरी. तीन-चार पाण्यांनी धुवा. पाणी पांढरट, गढूळ आलं तर ठीक. लाल-केशरी रंग सुटत असेल तर डाळीला रंग दिलेला आहे, ती दुकानदाराला परत करा. आता कुकर नको. कुकरात मसुरीचं वरण होतं, आणि वरणाची चटणी करायला गेलं की ती पोळीवरून ओघळते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्यांना थोडं कमी पाणी घाला, चिमूटभर हळद घाला, वर येणारा फेस काढून टाका. पंधरा-वीस मिनिटांत दाणे फुटतात. मग झाकण काढा, आच मंद करा आणि ढवळत राहा. डाव फिरवल्यावर पातेल्याचं बूड क्षणभर दिसलं पाहिजे. एवढं आटवून गॅस बंद करा. गार होताना डाळीतला स्टार्च आणखी घट्ट होतो, त्यामुळे गरम असताना थोडी सैल वाटली तरी घाबरू नका. मात्र गार झाल्यावर पातळ राहिली तर ती मिक्सर कितीही फिरवून सुधारत नाही, पुन्हा आटवावीच लागते.

डाळ कोमट होईपर्यंत तिळाचं करून घ्या. दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. गुलाबीसर झाले की लगेच ताटलीत काढा, कढईत राहिले तर करपतात आणि चटणी कडू होते. गार झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात आधी नुसते तीळ फिरवा, मग चमचाभर शेंगदाण्याचं तेल घालून पुन्हा फिरवा. तीळ तेल सोडतात आणि ओलसर गोळा होतो. झाली तुमची ताहिनी. त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, भाजलेले जिरे, मीठ, एका लिंबाचा रस घालून फिरवा आणि सगळ्यात शेवटी डाळ घाला. गरमागरम डाळ बंद भांड्यात घालू नका. वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. मिक्सर थांबत थांबत चालवा, एकसारखा चालवला तर मसूर चिकट होते. शेवटी दोन चमचे अगदी गार पाणी घालून एकदाच फिरवा. रंग उजळतो आणि चटणी हलकी होते.

तीळ नसतील तर जवस. रायपूरच्या गोल बाजारात दोन्ही मिळतात, आणि जवसाची चटणी विदर्भातून आलेल्या कुणालाही नवी नाही. जवस भाजून, पूड करूनच घाला, अख्खा दाणा पचत नाही, तसाच निघून जातो. ही पूड पाणी ओढून घेते, म्हणून चमचा-चमचा घाला. पण दोन्हींतून निवडायचं तर मी तीळच निवडीन. डाळीत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि ते तिळात चांगलं असतं. भाकरी-पोळीत लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर. सगळं एकत्र आलं की प्रथिनांचा कस वाढतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगायलाच हवी, कारण आपण छत्तीसगडात राहतो. मला विचारतात की हीच चटणी तिवऱ्याच्या डाळीची केली तर? विदर्भात जिला लाख किंवा लाखोळी म्हणतात, तीच ही. इथे उतेरा पद्धतीने, उभ्या धानाच्या ओलाव्यात बी फेकून हे पीक घेतात, वेगळं पाणी लागत नाही, म्हणून गरीब शेतकऱ्याला ते परवडतं. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी मलाही आवडते. पण दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दिवसेंदिवस मुख्य अन्न म्हणून ही डाळ खाल्ली तर पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. इथल्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने हे द्रव्य कमी असलेले प्रतीक, महातिवरा असे वाण काढले आहेत. पण दुकानातली डाळ कोणत्या वाणाची, हे तुम्हा-आम्हाला डोळ्यांनी कळत नाही. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की ओडॅप कमी होतं, आणि आपल्या चटणीत तर पाणी आटवायचं असतं! तेव्हा या कृतीला तिवरा नकोच. हरभरा आणि तूर डाळीत तो मिसळलेला सापडतो. पाचरीसारखे, कडेला तिरपे, मळकट दाणे दिसले तर निवडून टाका. मसुरीच्या केशरी रंगात परका दाणा चटकन डोळ्यांत भरतो, तिची शिफारस करण्याचं हेही एक कारण.

खायची कशासोबत? तांदळाच्या चिल्याला लावा, अंगाकर रोटीसोबत घ्या, काकडी-गाजराच्या फोडी बुडवून खा. ज्यांना झणझणीत हवं त्यांनी वर ठेचा घालावा. पावावर जाड थर दिला तर लोणी आणि जॅम दोन्ही मागे पडतात, निदान माझ्या घरी तरी.

प्रथिनांचा हिशेब मात्र नीट करा. 100 ग्रॅम कच्च्या मसूर डाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजून पाणी प्यायलेल्या 100 ग्रॅम डाळीत सुमारे 9 ग्रॅमच. चमचाभर चटणी लावून मुलाच्या वाढीचं काम झालं असं समजू नका, वाटीभर वरण लागतंच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती खायची हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

रायपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. शिजवलेली डाळ या उकाड्यात दुपारपर्यंतही धड राहत नाही. चटणी झाली की तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा, तीन दिवसांत संपवा. लिंबू आहे म्हणून टिकेल, या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात मुलांच्या डब्यात ही देऊच नका, तेव्हा तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणीच बरी. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी भरलेला डबा मधल्या सुट्टीत खाल्ला तर हरकत नाही.

आणि तिसऱ्या दिवशीही वाटीभर उरलीच, तर त्यात गरम पाणी घालून, वर जिरे-हिंगाची फोडणी देऊन चांगली उकळा. रात्रीच्या भातावर घ्या.