कन्याशाळेचे प्रयोजन : अध्यक्षीय भाषण

मुलींची वेगळी शाळा नगर जिल्ह्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. १८३९ मध्ये मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार मुंबईहून येथे आल्या आणि १८६२ मध्ये नगरातच निधन होईपर्यंत त्यांनी मुलींना शिकवले. त्यांच्या शाळांमुळे आपल्याला प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी स्वतः सांगितले आहे. सावित्रीबाईंनीही फरार बाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार मानतात. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात भरलेल्या फुले दांपत्याच्या शाळेचा एक धागा असा नगरपर्यंत पोचतो.

त्या काळी वेगळ्या शाळेमागचे कारण अगदी व्यावहारिक होते. लहान वयात लग्न होत असे आणि परपुरुषाकडून मुलीला शिकवून घेण्यास घरचे तयार नसत. म्हणूनच पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-निरीक्षक नेमण्याची मागणी केली. पुण्याची हुजूरपागा १८८४ मध्ये सुरू झाली, महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये. या संस्थांनी आधी पालकांचा विश्वास मिळवला. मुलींची संख्या त्यानंतर वाढत गेली.

कन्याशाळेचा पहिला लाभ आजही हाच आहे : मुलगी शाळेत येते आणि टिकते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न असतो. उत्तर सापडले नाही की मुलगी फडावर जाते किंवा तिचे लग्न उरकले जाते. वसतिगृह असलेली, शिक्षिका असलेली कन्याशाळा जवळ असेल, तर ती सातवी-आठवीच्या पुढे जाऊ शकते. जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. त्याने अंतराचा प्रश्न हलका होतो. मुक्कामाचा प्रश्न उरतोच.

दुसरा लाभ वर्गाच्या आत दिसतो. मिश्र शाळेत स्वागत आणि रांगोळी मुलींकडे, तर माईक, मैदान आणि प्रयोगाची उपकरणे मुलांकडे, अशी वाटणी कोणी न ठरवताही होऊन बसते. कन्याशाळेत ही सगळी कामे मुलींनाच करावी लागतात. प्रयोगाची मांडणी मुलगीच करते, कबड्डीचा संघ तीच बांधते, चुकीचे उत्तर द्यायलाही ती कचरत नाही. पाळीबद्दल शिक्षिकेशी बोलता येते. त्या दिवसांत शाळा बुडवण्याचे कारण उरत नाही.

गुणांच्या बाबतीत मात्र दावा जपून करावा लागतो. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात पूर्वी शाळा सोडतीने मिळत, त्यामुळे तेथे दोन्ही प्रकारच्या शाळांची तुलना रास्तपणे करता आली. तेथील अभ्यासात एकलिंगी शाळांतील विद्यार्थ्यांचे प्रवेशपरीक्षेचे गुण अधिक आढळले. उलट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८४ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, काटेकोर अभ्यासांपुरते पाहिले असता फरक नगण्य ठरला. मुलींची बुद्धी वेगळ्या पद्धतीने चालते, या समजुतीला यातून आधार मिळत नाही. कन्याशाळेचे समर्थन उपस्थिती, सुरक्षितता आणि संधी यांवरच उभे राहते.

नगरचे क्लारा ब्रूस गर्ल्स हायस्कूल, रयत शिक्षण संस्थेचे राधाबाई काळे महिला महाविद्यालय आणि लोणीचे प्रवरा कन्या विद्या मंदिर ही या जिल्ह्याची जमेची बाजू आहे. या परंपरेपुढील अपेक्षा चार आहेत. प्रत्येक कन्याशाळेत विज्ञान आणि गणित पूर्ण ताकदीने शिकवले जावे. शिवण-टिपण हाच मुलींचा विषय, ही जुनी कल्पना सुटावी. मैदान आणि प्रयोगशाळा कागदावर न राहता वापरात असाव्यात. स्थलांतराच्या तालुक्यांत वसतिगृहे हंगामापूर्वी सज्ज असावीत. मुलग्यांना समतेचे शिक्षण देण्याची जबाबदारी मात्र कन्याशाळेमुळे कमी होत नाही. ती प्रत्येक शाळेवर आणि प्रत्येक घरावर तशीच राहते.