आराखड्यात पहिले नाव कोणाचे?
(पोलादपूर तालुक्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



२२ जुलै २०२१ हा दिवस या खोऱ्यात कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आपल्या तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही तोच घाला पडला. महाडला पुराचा वेढा होता, रस्ते बंद होते. बाहेरची मदत तळियेस पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई या गावांवरही दरडी कोसळल्या होत्या. पहिले काही तास गावाचे गावालाच निभावून न्यावे लागतात, हा याचा बोध.

त्या वेळी गावात असते कोण? आपली कर्ती माणसे मुंबई, पुणे, सुरत येथे चाकरीस. घरी राहतात ती वृद्ध माणसे, स्त्रिया आणि मुले. ज्यांना आपण 'दुर्बल घटक' म्हणून आराखड्याच्या शेवटच्या पानावर नोंदवितो, तेच पुष्कळ वाड्यांत सारे गाव असते. बचाव पथकाच्या यादीत मात्र चाकरमान्यांची नावे! अशी यादी कोणाच्या कामी यावी?

म्हणून यादी घरापासून सुरू करावी. अंथरुणास खिळलेले कोण, दवंडी ऐकू न येणारे कोण, दिसत नाही असे कोण, गरोदर कोण, रोजचे औषध कोणास लागते, हे अंगणवाडी सेविका, आशा आणि शिक्षक यांना ठाऊक असते. अशा प्रत्येकासाठी पावसाळ्यात गावीच राहणारे दोन शेजारी नेमावेत. डोली कोणाच्या पडवीत ठेवली आहे, हेही लिहावे.

१ मेच्या ग्रामसभेस अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवरून परतलेलीही नसतात. त्यांच्यासाठी जूनमध्ये, कामावरून माणसे परतल्यावर, त्यांच्याच वाडीत बैठक घ्यावी. डोंगरउतारावरील धनगरवाड्यांनाही हेच लागू आहे. त्यांना केवळ सूचना देऊन भागणार नाही. कोणता ओहोळ केव्हा गढूळ होतो, हे त्यांच्याकडूनच ऐकावयाचे आहे.

जमिनीस भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळणे, झाडे वा खांब कलणे, ही चिन्हे दिसताच दिवसाउजेडी स्थलांतर करावे. १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री. निवाऱ्याची शाळा स्वतः उताराखाली नाही ना, तेथे स्त्रियांसाठी शौचालय व दिवा आहे ना, पायरी चढू न शकणाऱ्यास आत जाता येते ना, हे आधी पाहावे.

ही केवळ दयेची बाब नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आपत्तीत समान संरक्षणाचा हक्क दिला आहे. मदत देताना जात, धर्म वा स्त्री-पुरुष असा भेद करण्यास २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मनाई केली आहे.

शेवटी एवढेच सांगतो. यंदाची रंगीत तालीम सर्वांत दूरच्या घरापासून सुरू करा आणि सर्वांत हळू चालणाऱ्या आजीस निवाऱ्यापर्यंत किती वेळ लागतो, तो मोजा. गाव सोडण्याचा निर्णय किती आधी घ्यावयाचा, हे त्या वेळेवरूनच ठरवावे लागेल. धडधाकट माणसाच्या पावलांवरून ते ठरविता येणार नाही.