कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काम

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात 'कार्यकर्तीचा स्वतःचा वेळ' या सत्रात केलेलं भाषण)

या सत्रासाठी संयोजक ताईंचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, आमच्या समुपदेशन केंद्रातल्या केसेसवर बोलायचं असेल. त्या म्हणाल्या, "केसेसवर आपण रोजच बोलतो. तू घरी ती यंत्रं बनवतेस ना, ती घेऊन ये." मला संकोच वाटला. भरतकामावर बोलायचं असतं तर वाटला नसता. मग वाटलं, हा फरक का पडतो यावरच बोलावं.

टेबलावर ठेवलंय ते जवळ येऊन पाहा. हात लावला तरी चालेल. विज्ञानकथांमध्ये हातपाय असलेली अवाढव्य यंत्रं असतात, त्यांच्या पोटात माणूस बसतो आणि ती चालवतो. त्यांना 'मेका' म्हणतात. शब्द जपानी, 'मेकॅनिकल'वरून आलेला. १९७९ साली जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका आली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचे आराखडे कुनिओ ओकावारा यांचे. पहिल्यांदा ती फारशी चालली नाही, ठरलेल्या ५२ भागांऐवजी ४३ भागांतच आटोपली. पण जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्यातल्या यंत्राचा प्लास्टिकचा संच ३०० येनला बाजारात आणला आणि मग त्याचं वेडच लागलं. कथेत १८ मीटर उंच असलेलं यंत्र १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचं होऊन पोरांच्या टेबलावर आलं.

बहुतेक जण संच आणून जोडतात. काही जण त्यात फेरफार करतात. मांडी कापून दोन मिलिमीटर लांब करतात, खांदे बदलतात, दुसऱ्या संचातले तुकडे लावतात. आणि थोडे जण संचच घेत नाहीत. कोरा प्लास्टिकचा पत्रा घ्यायचा, कागदावर आराखडा काढायचा, एकेक भाग कापून उभं करायचं. जपानमध्ये याला 'फुल स्क्रॅच' म्हणतात. मी या शेवटच्यांपैकी.

मी यात कशी पडले? २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहत होते. नवऱ्याची संगणकातली नोकरी तिथे होती. तिथे आपली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. परदेशी माणसाला तिथे ओळखपत्र मिळतं. माझ्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं, 'डिपेंडंट'. अवलंबित. वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण जपानी येत नसेल तर समाजकार्याच्या पदवीला विचारतो कोण? इथे असताना मी बायकांना सांगायची, "स्वतःच्या पायावर उभ्या राहा." तिथे भाजी आणायलाही नवऱ्याच्या खात्यातले पैसे काढत होते.

वस्तीतल्या सभागृहात स्वयंसेवक मोफत जपानी शिकवायचे. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, पन्नाशीच्या होत्या. एकदा त्यांच्या घरी गेले तर कपाटभर यंत्रं! सगळी त्यांच्या हातची. त्यांनी सांगितलं, १९८१ मध्ये त्या पंधरा वर्षांच्या होत्या. दुकानापुढे रांगेत सगळी मुलं आणि त्या एकट्या. दुकानदाराने विचारलं, "भावासाठी का?" त्या "हो" म्हणाल्या. लग्नानंतर सासरी त्यांनी कटर आणि कानशी शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवल्या. डबा उघडून बाई बसली की सगळ्यांना वाटायचं, बटणं लावतेय.

हे ऐकून मी हसले आणि मग गप्प झाले. आपल्याकडे काय वेगळं आहे? मी पुण्यात परत आले आणि एका दुकानात बारीक ड्रिल मागितलं. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, त्यांना कळेल कुठलं ते."

आता काम कसं करतात ते थोडक्यात सांगते, कारण मजा त्यातच आहे. एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा पूर्ण कापायचा नसतो. पट्टी धरून कटरने दोनतीन वेळा रेघ मारायची आणि मग वाकवायचा. रेघेवर कट्‌कन सरळ मोडतो. अशा सहा बाजू चिकटवल्या की डबा होतो. पाय म्हणजे असे डबेच, मग त्यांच्या कडा तासायच्या. गोलाई हवी तिथे एम-सील. हो, नळाची गळती थांबवायला प्लंबर वापरतो तेच. दोन्ही गोळे कणकेसारखे एकजीव मळायचे, पण हातमोजे घालून. सांध्यांना पितळी तार आणि तुटलेल्या माळेचे मणी. बाकी शाम्पूच्या बाटलीची झाकणं, संपलेल्या पेनांच्या नळ्या. मग पॉलिश पेपर, आधी २४० नंबरचा, मग ४००, ६००, १०००. शेवटी राखाडी प्रायमर मारला की आतापर्यंत न दिसलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. मग पुन्हा घासायचं. रंगाच्या थिनरची वाफ वाईट असते. सुरुवातीला मी रात्री दार लावून स्वयंपाकघरात रंगवायची, का तर कुणी विचारू नये. डोकं धरून यायचं. लपूनछपून केलेल्या कामात बाई स्वतःच्या जिवाची काळजीही घेत नाही. आता गॅलरीत, दिवसाउजेडी, मास्क लावून करते.

तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. गावागावांत पाणी नाही, बायका मार खातायत आणि ही खेळणी काय करतेय? हा प्रश्न मी स्वतःला खूप विचारला. आमच्या वस्तीतल्या गटात आम्ही बायकांचा दिवस कागदावर मांडतो, पहाटेपासून रात्रीपर्यंत. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हे आपल्याला पाठ आहे. पण कागदावर मांडताना मला दुसरी गोष्ट दिसली. 'मोकळा वेळ' या रकान्यात बायका लिहीत होत्या: गोधडी शिवणं, पापड करणं, मुलीचा फ्रॉक. म्हणजे बाईचा छंदही घराच्या उपयोगी पडला पाहिजे. पुरुष तासभर पत्ते खेळतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. आणि आपण कार्यकर्त्या? आपण घराऐवजी चळवळीच्या उपयोगी पडतो. रात्री अकराला फोन आला तरी उठतो. कुणाच्याही उपयोगाचं नाही असं एक काम मी आठवड्यातून दोन तास करते, रविवारी दुपारी दोन ते चार. सुरुवातीला घरात कुरकुर झाली. माझ्या मनातली कुरकुर मात्र त्याहून मोठी होती, ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसरा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला: "अगं, ही तर युद्धाची यंत्रं, आपण यांचं कौतुक का करायचं?" बरोबर आहे. गंडमची गोष्ट युद्धाचीच आहे. पोरांना युद्धात ढकलतात आणि ती त्यात पोळून निघतात, हेही ती दाखवते, पण दुकानात विकली जाते ती बंदूकच. आणि गंडमच्या टीव्ही मालिकेत मुख्य पात्र मुलगी असायला २०२२ साल उजाडावं लागलं. म्हणून मला दुसरी एक मालिका जवळची वाटते, १९८८ पासूनची 'पॅटलेबर'. त्यातली बहुतेक यंत्रं बांधकामावर राबणारी आहेत आणि त्यांना म्हणतात 'लेबर'. म्हणजे श्रम! पोलिसांचं लेबर चालवते ती नोआ इझुमी नावाची तरुण मुलगी.

त्यावरून मी हे टेबलावरचं यंत्र केलं. हे भातलावणीचं लेबर आहे, १/६० प्रमाणात. माझी मावशी मावळात चिखलात कमरेत वाकून लावणी करते. म्हटलं, तिला बसायला एक यंत्र करू. सहा पाय, चिखलात रुतू नयेत म्हणून रुंद पावलं, पुढे रोपांचा ट्रे. चार महिने लागले. अभिमानाने वस्तीतल्या गटात नेलं. बायकांनी फिरवून फिरवून पाहिलं. एक साठीची बाई म्हणाली, "छान आहे गं. पण आत कोण बसणार?"

मी म्हटलं, "तुम्ही, मावशी."

त्या म्हणाल्या, "आमच्या गावात लावणीचं मशीन आलं. चालवायला पाटलाचा पोरगा. आम्ही घरी." मग खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हिच्यात माझे पाय तरी पोचतील का?"

घरी येऊन मोजलं. मी खुर्ची बेतली होती ती एका संचातल्या चालकाच्या बाहुलीवरून. ती तीन सेंटिमीटर, म्हणजे साठपट केली तर १८० सेंटिमीटरचा पुरुष. पाच फुटांची बाई या प्रमाणात अडीच सेंटिमीटर भरते. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. मैत्रिणींनो, दहा वर्षं स्त्री-पुरुष समानतेची शिबिरं घेणाऱ्या माझ्या हातून, माझ्या मावशीसाठी, पुरुषाच्या मापाची खुर्ची झाली होती. भाषणात मी कधी चुकले नसते. हातात कटर होता म्हणून चूक दिसली, आणि त्या बाईंनी विचारलं म्हणून.

ती खुर्ची मी उचकटून काढली आणि नवी बसवली. पाहा, जुन्या गोंदाचा डाग अजून दिसतो. तो मी मुद्दाम घासला नाही.

यंत्र आलं की बाई बाहेर जाते, हे आपण शेतात पाहतो, कारखान्यात पाहतो. त्यासाठी प्रशिक्षणाची, मालकीची लढाई आहेच, ती आपण सोडणार नाही. पण बाईच्या हातात कानस, ड्रिल, पकड कधी येतच नाही, चुकायला आणि वाया घालवायला तिला वेळ मिळतच नाही, तोवर "हे तुला काय कळणार" या वाक्याला तिचं मनही आतून मान डोलावतं. माझं डोलावत होतं.

माझं भाषण संपलं. चहानंतर मी बाहेर ओट्यावर बसणार आहे. प्लास्टिकचे पत्रे, आठ कटर आणि पट्ट्या आणल्यात. ज्यांना वाटेल त्यांनी या, एक डबा करून पाहू. तो विकायचा नाही, घरी न्यायलाच हवा असंही नाही. वाकडा झाला तरी चालेल. तेवढा अर्धा तास मात्र कुणी फोन उचलायचा नाही.